मधल्या दाराचे फाटक

मित्रांनो, फाटक म्हटले की तुम्हाला बागेचे किंवा रेल्वेचे फाटक आठवेल. मी तेवढे मोठे नाही. मी मोठ्या माणसाच्या कमरेएवढे एक जुने लाकडी फाटक आहे आणि माझे कामाचे सगळे दिवस एका घराच्या मधल्या दारात गेले. माझ्या एका अंगाला पुढची खोली होती, दुसऱ्या अंगाला आतली. आता मी मागच्या गॅलरीत भिंतीला टेकून उभे असते. माझ्यावर फरशी पुसायचे फडके वाळत घालतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. फडक्यालाही कुठेतरी वाळावेच लागते.

माझे लाकूड आधी एका लहान पलंगाच्या कठड्याचे होते. त्या पलंगात घरातली थोरली मुलगी झोपली, मग तिचा भाऊ झोपला आणि त्यानंतर एकदम दोघे आले, जुळे. माझ्या वरच्या दांडीवर दातांच्या खुणा आहेत. त्यातल्या कुठल्या कुणाच्या, हे आता त्यांच्या आईलाही सांगता येणार नाही.

थोरलीला सगळे ताई म्हणत. धाकट्याला सवय लागावी म्हणून आईबाबांनीही तिला ताई म्हणायला सुरुवात केली आणि ते तसेच राहून गेले. भावाचे गाल पाहून त्याला ढब्बू नाव पडले होते. जुळ्यांमधला मुलगा टिल्लू आणि मुलगी पिल्लू. बाबा इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करत. कुठे कुणी दोन मजल्यांच्या मध्ये अडकले की बाबांचा फोन वाजे आणि ते हातातला घास तसाच ठेवून निघत. आई पूर्वी औषधांच्या दुकानात काम करी. जुळी झाल्यावर ती घरी राहिली.

या घरातली अडचण ढब्बूपासून सुरू झाली. तो सात वर्षांचा झाला तरी त्याला वाचता येत नव्हते. तो म्हणे, अक्षरे हलतात. शब्दाचा शेवट त्याला आधी दिसे आणि सुरुवात कुठे गेली ते शोधेपर्यंत पुढचा मुलगा वाचून मोकळा होई. वर्गात त्याला उभे केले की मुले हसत. मग तो रोज सकाळी बूट घालताना ओकू लागला. डॉक्टरांनी पोट तपासले, पोटात काही निघाले नाही. शेवटी एका सकाळी आईने त्याच्या पायातला एक बूट काढला, दुसराही काढला आणि म्हणाली, "बास झालं. मी शिकवते तुला घरी."

ताईचे काय करायचे, हा प्रश्न त्याच संध्याकाळी सुटला, म्हणजे तो कुणी फारसा विचारलाच नाही. ढब्बू घरी राहणार, दोन तान्ही पोरे कडेवर, बाबांच्या कामाला वेळकाळ नाही. ताईला शाळेत सोडणार कोण आणि आणणार कोण?

"तूही घरीच शीक, ताई," आई म्हणाली. "तू तर हुशार आहेस. तुझं काही अडणार नाही."

ताईने मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिची मैत्रीण नेहमीसारखी खालून हाका मारत राहिली. ताई पिल्लूला कडेवर घेऊन खिडकीशी आली आणि तिने नुसता हात हलवून 'तू जा' अशी खूण केली. मी तेव्हा खिडकीशेजारच्या पलंगाला जोडलेले होते. मैत्रीण दिसेनाशी झाल्यावरही ताई बराच वेळ तिथेच उभी होती.

मग अभ्यासक्रम निवडायची गडबड उडाली. मित्रांनो, तुम्हाला वाटेल पुस्तके आणली, मुलांना बसवले की झाली घरची शाळा. तसे नसते. आईने ठिकठिकाणहून नमुन्याची पुस्तके मागवली आणि पुढच्या खोलीत जमिनीवर मांडली. एक अभ्यासक्रम संगणकावरचा होता. टिल्लूने कळफलकावर दूध सांडले आणि तो त्याच दिवशी बाद झाला. गणिताच्या एका नमुन्याचा कोपरा पिल्लूने खाल्ला. बाबा म्हणाले, "चला, घरात एकीनं तरी गणित पचवलं." आई हसली नाही. तिला हसण्याइतकी झोप मिळत नव्हती.

शेवटी दोन उरले. एक मोठ्या खोक्यातून आला होता. त्यात ज्याच्या त्याच्या इयत्तेची पुस्तके होती, रोजचा धडा ठरलेला आणि दर टप्प्याला परीक्षा. ढब्बूसारख्या मुलांसाठी वाचनाचे खास पाठही होते. दुसरा अगदी पातळ होता. त्यात महिनाभर सगळ्या भावंडांनी एकच विषय घ्यायचा होता. हा दुसरा ताईने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला.

"आई, हा घे ना," ती म्हणाली. "बघ, पहिला महिना पाण्याचा आहे. टिल्लू-पिल्लू भांडी भरणार, ढब्बू मोजणार, मी लिहिणार."

"आणि घर कोण पुसणार?"

"मी पुसेन. सगळे एका खोलीत असू, आई."

"अगं, हा खेळ झाला. उद्या आजोबांनी विचारलं, पोरगा काय शिकला, तर काय सांगू? बादली भरायला?"

ताईने पुस्तक मिटले आणि नमुन्यांच्या गठ्ठ्यात, जिथून घेतले होते तिथेच, ठेवून दिले.

आईला नावे ठेवू नका. आजोबांनी फोनवर सुनावले होते की पोराचे वाटोळे करशील. शेजारच्या काकू येता-जाता विचारत, "काय, सुरू झाली का शाळा?" आणि उत्तर ऐकायला थांबत नसत. सगळ्यांचे डोळे तिच्यावर लागले होते. तिला हातात धरून दाखवता येईल असे काहीतरी हवे होते, म्हणून तिने खोके निवडले.

खोक्यातले वाचनाचे पाठ खरोखरच चांगले होते. ताटात वाळू पसरायची, ढब्बूने बोटाने अक्षर काढायचे, त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा आणि डोळे मिटून पुन्हा काढायचे. पण त्याला शांतता लागे. पहिल्याच आठवड्यात टिल्लूने ताट उलटे केले आणि पिल्लूने वाळू दादाच्या केसांत कालवली. ढब्बू रडला. आईही मोरीत नळ सोडून रडली. मग तिने तिच्या भावाला, म्हणजे मुलांच्या मामाला, फोन केला. मामा सुतार होते.

मामांनी पलंगाचा कठडा सोडवला, दांड्या तासल्या, दोन बिजागऱ्या ठोकल्या आणि मला मधल्या दारात बसवले. कडी त्यांनी पुढच्या खोलीच्या बाजूला लावली. बसवून झाल्यावर मला दोनदा उघडून-मिटून पाहिले आणि म्हणाले, "आता हत्ती आला तरी हलायचं नाही." टिल्लूने लगेच मला धरून जोर लावून पाहिला. मी हलले नाही म्हणून तो माझ्यावर रुसला आणि पाठ करून बसला.

त्या दिवसापासून घराची घडी बसली. सकाळी पुढच्या खोलीत आई आणि ढब्बू बसत. आतल्या खोलीत टिल्लू, पिल्लू आणि त्यांना सांभाळायला ताई. मध्ये मी. माझे फार कौतुक झाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय छान सोय केलीस गं." आजोबा आले तेव्हा त्यांनीही मला काठीने ठोकून पाहिले आणि मान डोलावली. माझ्याबरोबर ताईचेही कौतुक होई. "गुणाची पोर आहे. कधी म्हणून आवाज नाही तिचा." मला तेव्हा फार अभिमान वाटे. आम्ही दोघे मिळून घर सांभाळतो, असे मी मनाशी म्हणत असे.

ताईचा अभ्यास ढब्बूनंतर असे, निदान ठरले तसे होते. ती माझ्या दांड्यांना पाठ टेकून बसे. गुडघ्यावर पुस्तक, एका हातात पिल्लूच्या झबल्याचे टोक, म्हणजे ती बिछान्यावरून खाली पडू नये. तिने एखादी ओळ वाचावी आणि टिल्लूने खुळखुळा खाटेखाली घालवावा. तो काढून परत बसेपर्यंत ओळ हरवलेली असे. ढब्बूचा पाठ संपला की ती उठे. तिचा हात वरून कडीपर्यंत पोहोचत होता, पण तिने आपण होऊन कडी कधी काढली नाही. ती विचारी, "आई, मी येऊ का आता?"

"पाच मिनिटं थांब गं, राणी."

त्या पाच मिनिटांत जुळ्यांना भूक लागे. मग त्यांचे खाणे, अंघोळ, झोप. ती झोपली की आईला तिथेच भिंतीशी डुलकी लागे आणि ताई तिच्या मांडीवरचे पुस्तक हळूच काढून बाजूला ठेवी. दुसऱ्या दिवशी आई म्हणे, "काल तुझं राहिलंच. आज नक्की." ती मनापासून म्हणे. मला दोन्ही खोल्या दिसत होत्या, म्हणून सांगते. आईने कधी मुद्दाम टाळले नाही.

वर्ष असेच गेले. आणि एका सकाळी ढब्बूने एक अख्खे पान वाचले. बोट ठेवत, अडखळत, पण एकही शब्द न गाळता. शेवटच्या ओळीनंतर तो स्वतःच चकित होऊन आईकडे पाहत राहिला. आईने त्याला पोटाशी धरले. तिचे खांदे हलत होते. माझ्या आतल्या बाजूला ताईने टिल्लूचे आणि पिल्लूचे हात धरून त्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. तीही हसत होती. खोटे कशाला सांगू, तिला खराच आनंद झाला होता. पण कडी काढून तिला पुढच्या खोलीत बोलवायचे त्या गडबडीत कुणाला सुचले नाही. बाबांना फोन गेला, आजोबांना गेला. ताई माझ्या वरच्या दांडीवर हनुवटी टेकून सगळे पाहत राहिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती दुसऱ्या गावात एका शाळेत गणित शिकवी. घरी आली की ती मुलांना खाऊ देई आणि कोडी घाली. ढब्बूचे वाचन ऐकून ती खूश झाली. मग आतल्या खोलीत येऊन ताईजवळ बसली आणि सहज म्हणाली, "तुला एक सोपं घालते. अर्धं केळं टिल्लूचं, पाव पिल्लूचं. तुला किती उरलं?"

"मी केळं खातच नाही," ताई म्हणाली.

"अगं, समज की खातेस."

आत्याने कागदावर आकडे लिहून दिले. ताईने पेन्सिल धरली, आकड्यांकडे पाहिले आणि पेन्सिल खाली ठेवली. "हे माझं व्हायचंय अजून," ती हळू म्हणाली. "ते कधी व्हायचंय ते आईला विचारायला हवं."

"आणि याच्या आधीचं?"

"तेही व्हायचंय."

पिल्लू ताईच्या मांडीवर चढत होती. आत्याने तिला उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले आणि म्हणाली, "ताई, तुला काय हवंय गं?"

मित्रांनो, मी इतके दिवस मधल्या दारात उभे होते, पण हा प्रश्न मी त्या घरात पहिल्यांदा ऐकला. ताईलाही तो नवा असावा. तिने आधी पिल्लूचे झबले सारखे केले. मग म्हणाली, "मला मांडीवर कुणी नसताना एक धडा ऐकायचाय."

पुढच्या खोलीत आईच्या हातातली पुस्तके तशीच राहिली. तिने ऐकले होते. माझ्या दांड्यांमधून सगळे ऐकू जाते, तसे ते तिच्यापर्यंत गेले.

"म्हणजे मी काय कामाला जुंपलंय तिला?" आई कडीपाशी येऊन म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "चार पोरं आहेत. मी एकटी किती ठिकाणी पुरू?"

"तुला कोण काय म्हणतंय," आत्या म्हणाली. "तू ढब्बूसाठी जे केलंस ते मला जमलं नसतं. पण हिच्याकडे बघ एकदा."

आईने ताईकडे पाहिले. ताईने ताबडतोब म्हटले, "नाही आई, मला राग नाहीये." आणि त्याच वाक्याने आई खाली बसली. माझ्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तिची मुलगी. आईने दांड्यांमधून हात घालून ताईचा पाय धरला. पोहोचत तेवढाच होता. कडी काढायचे कुणाच्या लक्षातच आले नाही.

त्या संध्याकाळी बाबा आल्यावर ठरले. आत्याच्या घरी दुसरे कुणी मूल नव्हते आणि तिची शाळा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. ताईने वर्षभर तिच्याकडे राहायचे. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, "मी बदलते ना सगळं. तो दुसरा अभ्यासक्रम मागवते. सगळे एका खोलीत बसू, तू म्हणाली होतीस तसं."

"मागव ना," ताई म्हणाली. "ढब्बूला आवडेल तो." तिने पिशवीची चेन लावली. "पण मी जाऊन येते, आई."

निघताना तिने जुळ्यांना माझ्या आत ठेवले आणि कडी लावली, नाहीतर ती पायऱ्यांपर्यंत तिच्या मागे गेली असती. टिल्लू माझ्या दांड्या धरून रडत होता. पिल्लूला वाटले खेळ आहे, ती हात हलवत राहिली. ताईने दोघांचे पापे घेतले, दांड्यांच्या मधूनच. मग बाबा पुढे आणि ती मागे, अशी दोघे गेली.

तो पातळ अभ्यासक्रम पुढच्याच आठवड्यात आला. आईने माझी कडी काढली आणि मला भिंतीशी उघडून ठेवले. पुढच्या खोलीत पाण्याची भांडी मांडली गेली. टिल्लू-पिल्लूने पाणी भरले, सांडले, पुन्हा भरले. ढब्बूने मोजले आणि मोठ्याने वाचून दाखवले. घर ओले झाले आणि काही बिघडले नाही. ताई म्हणाली होती तसेच सगळे झाले. फक्त लिहायला कुणी नव्हते. ते काम आईने केले. लिहिता लिहिता ती थांबे आणि आतल्या खोलीत माझ्या दांड्यांपाशी जी रिकामी जागा होती तिकडे पाही.

बरेच दिवस जुळी माझ्यापाशी येऊन "ताई, ताई" करत. माझ्या त्या बाजूला ताई असते, एवढेच त्यांना ठाऊक होते. मग हळूहळू ती यायची थांबली. लहान मुलांचे असेच असते, त्यात त्यांचा दोष नाही.

सुट्टीत ताई आली तेव्हा तिला चष्मा लागला होता आणि केस कापलेले होते. पिल्लू तिला पाहून आईच्या मागे लपली. "ती कोण?" असे तिने विचारले. ताईने खाली बसून हात पुढे केला आणि वाट पाहिली. बराच वेळ पाहिली. शेवटी टिल्लू आला, पिल्लू त्या दिवशी आली नाही. जेवताना आईने ताईला आधी वाढले, जसे पाहुण्यांना वाढतात, आणि ताई "पुरे, पुरे" म्हणाली, जसे पाहुणे म्हणतात.

"तिथं बरं आहे ना गं?" आईने विचारले.

"हो. गणितात मागे आहे अजून, पण होईल म्हणाली आत्या."

"मग पुढच्या वर्षी इकडेच?"

"हे वर्ष झालं की बघू," ताई म्हणाली.

ते वर्ष झाले. मग त्याच्या पुढचे झाले. दरवेळी ती येई, आनंदाने राही आणि जाई. भांडण कुणाचे कुणाशी नव्हते. ती चांगली शिकली, नोकरीलाही तिकडेच लागली. ढब्बू आता जाड जाड पुस्तके वाचतो. जुळी माझ्याहून उंच झाली, तेव्हा एका रविवारी बाबांनी माझ्या बिजागऱ्या सोडवल्या आणि मी गॅलरीत आले. मला वाईट वाटले नाही असे नाही. पण त्या दारात मला जे पाहायचे होते, ते ताई असताना कधी झाले नाही आणि झाले तेव्हा ती नव्हती. आई-मुलगी आणि सगळी भावंडे एका खोलीत, आणि मी भिंतीशी उघडे.

काल खालच्या मजल्यावरची तरुण बाई आली होती. तिला तीन मुले आहेत, दोन अगदी लहान. तीही मोठ्याला घरी शिकवणार आहे. हातात पुस्तकांचे दोन नमुने घेऊन ती आईला विचारत होती.

"काकू, तुम्ही दोन्ही वापरलेत. कुठला घेऊ?"

"कुठलाही घे," आई म्हणाली. "ढब्बू दोन्हीत शिकला."

"आणि ते फाटक देता का मला? धाकटी दोघं बसूच देत नाहीत."

"ने की." आईने माझ्यावरचे फडके काढले आणि पदराने माझी दांडी पुसली. मग थांबून म्हणाली, "थोरल्याला विचारलंस का, त्याला कुठला आवडला?"

"त्याला काय विचारायचं. फार समजूतदार आहे हो तो. काहीच म्हणत नाही."

आई माझ्या दांडीवरून हात फिरवत राहिली. "म्हणूनच विचार," ती म्हणाली. "आणि तो बोलेपर्यंत उठू नकोस."

आज संध्याकाळी मला खाली नेणार आहेत. मित्रांनो, मला लाकूड म्हणून फार काही लागत नाही. बिजागरीला कधीमधी तेल घातले की मी करकरत नाही. पण तुमच्या घरात एखादे भावंड असेल, जे रडत नाही, भांडत नाही, काही मागत नाही, तर कडी काढून एकदा त्याच्याजवळ जाऊन बसा. ते हाक मारणार नाही.